ओठांतलं बटण

१२ फेब्रुवारी

टकळे,

विसरलीस ना? काय विसरलीस ते आठवत असेल तर शाबास, नसेल तर मी आहेच आठवण करून द्यायला. निघताना माझा हात धरून काय म्हणाली होतीस? "आजी, माझ्या खोलीखाली बेकरी आहे, तिथला मऊ केक तुला पाठवते, दातांशिवाय खाता येतो." तू गेलीस, तिथे रुळलीस, केक मात्र अजून वाटेतच आहे. पायी निघाला असावा. जगातलं सगळं डोक्यात कोंबून परीक्षेला बसणारी मुलगी, आणि आजीचा एक केक त्या डोक्यात मावत नाही!

हे पत्र तुझी आई लिहितेय. मी बोलेन तसंच लिहायचं, आपली भर घालायची नाही, असं तिला बजावलंय. तिचं अक्षर सुंदर आहे म्हणतात. असेल. मला सगळीच अक्षरं सारखी दिसतात, मुंग्या रांगेनं चालल्यासारखी.

(मी निमूटपणे लिहितेय, एवढं ध्यानात ठेव. – आई)

आत्ता मी गप्प होते आणि तिचा हात चालला होता. म्हणजे घातलीच भर. काय लिहिलंय ते मला कळवायचंस, तुझं माझं गुपित.

फोन कर म्हणून तू सारखी मागे लागतेस, पण फोनला ओठ नसतात गं. तो चेहरा दिसणारा फोनही तुझ्या बापानं माझ्या नाकासमोर धरून पाहिला. तुझं तोंड उघडतं, तसंच अडकून राहतं, आणि मग एकदम भलत्याच शब्दावर मिटतं. जन्मभर मशिनांच्या घरघरीत उभी राहून माझे कान गेले, आता मी माणसांच्या ओठांवर जगते. तेव्हा पत्रच बरं. आई समोर बसून वाचते, मी तिचं तोंड बघते, काम होतं.

आता मुद्द्याचं. तू कसली परीक्षा देतेयस ते मी सगळ्यांना विचारून घेतलं. लोक म्हणे आपलं सामान आपल्या घरी ठेवत नाहीत, दुसऱ्याच्या मोठमोठ्या मशिनांवर ठेवतात, आणि लागेल तेव्हा मागून घेतात. याला क्लाउड म्हणतात. अगं, मग ही आपली लाँड्रीच झाली! लोकांचे कपडे आपल्या फळ्यांवर, बिल्ला दाखवा नि घेऊन जा. लाँड्रीवाल्याच्या घरात वाढलेल्या पोरीला यात एवढं घोकण्यासारखं काय आहे, ते मला समजावून सांग.

तुझा बाप बरा आहे. तो कधीच फारसं बोलत नाही, पण हल्ली त्याच्या न बोलण्याचा आवाज मलासुद्धा ऐकू येतो. काय झालंय ते कळलं की सांगीन.

केक विसरू नकोस.

तुझी आजी

---

२१ फेब्रुवारी

आजी,

आईनं लिहिलं होतं की ती निमूटपणे लिहितेय. झालं, फोडलं गुपित. आई, आता हे वाचताना डोळे वटारू नकोस, आजीला दिसतं.

केकचं चुकलं. बेकरीवाला म्हणतो की तो प्रवासात चुरा होईल. मी म्हटलं, चुरा तर चुरा, आजीला चावायचे श्रम वाचतील. पाठवते.

लाँड्रीचं तू म्हणतेस ते बरंचसं तसंच आहे. पण परीक्षेत ते विचारत नाहीत. ही सगळ्यात वरच्या पातळीची परीक्षा आहे, आणि तिच्यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक लांबलचक गोष्ट असते. एक कंपनी आहे, तिची मशिनं दोन गावांत आहेत, एका गावातली बंद पडली तर गिऱ्हाईकाला पत्ताही लागता कामा नये, खर्च वाढता कामा नये, आणि जुनं काहीच हलवायचं नाही. मग काय कराल? खाली चार उत्तरं. चारही बरोबर वाटतात. त्यातलं सगळ्यात बरोबर निवडायचं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ते नुसतं बघून कळतं म्हणे. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलंय की काही वर्षं प्रत्यक्ष काम केलेल्यांनीच या वाटेला यावं. मी एक दिवसही काम केलेलं नाही.

मग आधी सोपी का देत नाहीस, असं बाबा विचारतील. सोपी माझी झालीय, मागच्याच वर्षी. ती दाखवली की म्हणतात, छान, अनुभव किती? नाही म्हटलं की म्हणतात, अनुभव घेऊन या. अनुभव घ्यायला गेलं की तिथेही अनुभव विचारतात. एका ठिकाणच्या मॅडम तेवढ्या माणसासारख्या बोलल्या. म्हणाल्या, "वरची परीक्षा पास होऊन ये. मग अनुभव नसतानाही तुझं नाव पुढे करायला माझ्या हातात काहीतरी असेल. जागा एप्रिलपर्यंत रिकामी आहे." तेव्हापासून मी ही परीक्षा धरून बसलेय. दुसरं कुठलंही दार कुणी किलकिलंसुद्धा केलेलं नाही.

मी रोज लॅपटॉपवर छोटी छोटी खोटी दुकानं मांडते, ती बंद पाडते, परत चालू करते. माझ्यासोबत खोलीत राहणारी नर्सताई म्हणते, "हे म्हणजे बाहुलीला इंजेक्शन देऊन डॉक्टर होण्यासारखं आहे." ती चेष्टेत म्हणते. पण मला रात्रंदिवस तेच आठवतं.

सराव परीक्षेत मात्र मार्क चांगले पडतायत. बाबांना सांग. ते का गप्प आहेत?

तुझी टकळी

---

४ मार्च

टकळे,

तुझं पत्र आई वाचत होती आणि त्या कंपनीच्या गोष्टीपाशी तिची जीभ तीनदा अडखळली. मी तिला म्हटलं, जाऊ दे, मला कळलं. एका गावातलं मशीन बंद पडलं तर काय कराल? आम्ही पाटी लावायचो: "मशीन बंद आहे, उद्या या." हे उत्तर तुझ्या चारांत आहे का बघ. असलं तर तेच लिही.

ती नर्स फटकळ दिसते. मला आवडली.

तुझा बाप का गप्प ते आता कळलं. आपल्याकडे हॉस्पिटलच्या चादरी यायच्या ना, ढिगानं, तू लहानपणी ज्यांत लपायचीस, त्या आता येत नाहीत. गावाबाहेर कुठे तरी मोठा कारखाना निघालाय धुलाईचा. सगळी हॉस्पिटलं, सगळी हॉटेलं आपली चादर तिथे पाठवतात. आपल्या घरी मशीन नको, माणूस नको, मागेल तेव्हा मागेल तितकी धुतलेली चादर हजर. ऐकून मी म्हटलं, अगंबाई, टकळीचा क्लाउड आपल्यावरच बरसला की! तुझी आई हसली नाही. ती म्हणते हे लिहायला लावू नका, पोरीच्या डोक्याला ताप. मी म्हटलं, लिही. परत यायला दुकान असेल या भरवशावर तिनं राहू नये. तुझा बाप वर्षअखेर मशिनं काढून टाकणार आहे.

(मी दोन दिवसांनी सांगणार होते, नीट. – आई)

तेव्हा बाई, तुझ्या त्या मॅडमचं दार ते एकच दार आहे हे मलाही कळलं. जोर लाव.

मला काय आठवतं सांगू? तू शाळेतून आलीस की ड्रायरच्या पलीकडे उंच स्टुलावर बसायचीस. अलीकडे मी घड्या घालत असायचे. मध्ये एवढी घरघर की शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला कळू नये. आणि तू तिथून मला धडा वाचून दाखवायचीस. आवाज थेंबभरसुद्धा पोचायचा नाही, पण शब्द पोचायचा. तू तो तोंडात घोळवून, गोल करून असा माझ्याकडे फेकायचीस की मी झेलायचे. इतिहास, भूगोल, औषधाच्या बाटल्यांवरचे कागद, शर्टाच्या कॉलरमागच्या सूचना. एका अक्षराची ओळख नसलेल्या बाईनं तुझ्या ओठांवरून सगळी शाळा केली. तोंड कधी बंद म्हणून नाही. टकळी हे नाव काय उगीच पडलं?

परीक्षा घरी बसून द्यायची असं आई म्हणते, ते खरं का? मग मास्तर कुठे बसतो?

केक आला. चुरा होता. चमच्यानं खाल्ला. पुढचा मोठा पाठव, तुझ्या आईनंही हात मारला.

तुझी आजी

---

३० मार्च

आजी,

एवढ्या दिवसांत लिहिलं नाही, रागावू नकोस. परीक्षा ठरल्या दिवशी झाली नाही. लॅपटॉपमध्ये काहीतरी बिघाड झाला, मध्येच बंद पडलं. पुन्हा बसायला देणार आहेत, या वेळी त्यांच्या केंद्रावर जाऊन. मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या मेपर्यंत जागा कशीतरी धरून ठेवते. तेव्हा काळजीचं काही नाही. मास्तरबद्दल विचारलं होतंस, तो कॅमेऱ्यातून बघत असतो. बाबांना नमस्कार.

आई, इथून पुढचं तू मनात वाच. आजीला वाचून दाखवू नकोस.

बिघाड वगैरे काही झाला नाही. नर्सताई ड्युटीवर होती. मी टेबल रिकामं केलं, खोली चारही बाजूंनी कॅमेऱ्याला दाखवली, दार लावलं. सुरुवात बरी झाली. दोनच प्रश्न झाले असतील, तर पडद्यावर निरोप आला: कृपया बोलू नका. मी बोलतच नव्हते. मला वाटलं बाहेरचा आवाज जात असेल, म्हणून उठायला लागले, तर दुसरा निरोप: जागेवरून उठू नका. मी बसले. पुढचा प्रश्न लांब होता, अर्धा पडदाभर. तो वाचता वाचता तिसरा निरोप आला: ओठ हलवून प्रश्न वाचणं नियमाविरुद्ध आहे, परीक्षा थांबवण्यात येत आहे. आणि सगळं पांढरं झालं.

आई, नियम त्यांनी आधी दिले होते. पानभर होते. मी खाली "मान्य आहे"वर टिचकी मारून मोकळी झाले होते. आणि वाचले असते तरी काय? माझे ओठ हलतात हे मला माहीतच नव्हतं. नर्सताईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, तू भाजीची पिशवी उघडतानासुद्धा त्यावरचं छापील तोंडानं वाचतेस. मला वाटलं तुला माहीत असेल." मी आरशासमोर बसून वाचून पाहिलं. ओठ धरले तर डोळे पुढे सरकत नाहीत. मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं वाचताच येत नाही. मी वाचायला शिकले तीच ड्रायरच्या पलीकडून.

हे आजीला कळलं तर ती स्वतःला बोल लावत बसेल. तिला बिघाडच सांग.

टकळी

---

६ एप्रिल

टकळे,

तुझ्या आईचं तोंड उतरलंय, कारण मी आत्ता तिला जे लिहायला सांगतेय ते तिला लिहायचं नाहीये. लिहील. न लिहून सांगते कुणाला?

तुझं पत्र तिनं वाचलं. लॅपटॉप बिघडला, मॅडम थांबल्या, बापाला नमस्कार. मग तिनं कागद जरा खाली धरला, मान झुकवली आणि म्हणाली, "एवढंच आहे." आणि पुढचं मुक्यानं वाचायला लागली.

अगं वेडे, या घरात मुक्यानं वाचता कुणाला येतं? इथे सून होऊन आल्यापासून ती मशिनांच्या पलीकडून माझ्याशी बोलतेय. तिचेही ओठ हलतात. तिला पत्ता नाही, तुला नव्हता तसाच. मी समोर बसले होते. मी प्रत्येक शब्द घेतला. कृपया बोलू नका. जागेवरून उठू नका. आजी स्वतःला बोल लावील. ती कागदाची घडी घालेपर्यंत मी सगळं वाचून मोकळी झाले होते. जन्मात पहिल्यांदा एक पत्र मी स्वतः वाचलं म्हण ना.

(मला खरंच माहीत नव्हतं गं. आता मी तोंडावर हात ठेवून वाचते. – आई)

मी काही बोल लावून घेत नाही स्वतःला, तेवढी हौस मला नाही. लाँड्रीत वाढलीस म्हणून लाँड्रीतल्यासारखी वाचतेस. तो कॅमेऱ्यातला पहारेकरी असल्या घरात वाढला नसेल, त्याला काय माहीत? त्याला वाटलं असेल तू भुतांना उत्तरं विचारतेस. मला हसू आलं.

मग उपाय सुचला. गिऱ्हाइकांच्या शर्टाची सुटलेली बटणं मी लावायचे, आठवतं? एका हातात सुई, एका हातात शर्ट, मग बटण कुठे ठेवायचं? ओठांत. ओठांत बटण असलं की माणूस बोलू शकत नाही. बोललं की बटण पडतं, आणि पडलेलं बटण मशिनाखाली गेलं की गेलंच. तेवढा वेळ मी गप्प असायचे. तुझा आजोबा म्हणायचा, घरात शांतता हवी असली तर शर्टाचं बटण तोडावं.

पाकिटात बटण घातलंय. धुवून घे आणि ओठांत धर आणि वाच. पडलं की उचल आणि पुन्हा धर. काही दिवसांत तोंड गप्प बसायला शिकेल. बटण तुझ्या बापाच्या निळ्या शर्टाचं आहे, दुसरं हाताशी नव्हतं. तो कॉलर उघडी टाकून हिंडतोय आणि मला विचारतोय. मी ऐकू येत नाही म्हणून सांगितलं.

तुझी आजी

---

२८ एप्रिल

आजी,

तुझ्यापासून काही लपवायचं म्हणजे आता सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधून हिंडायला हवं. बरं झालं कळलं ते. मला हलकं वाटलं.

बटण धरते. पहिल्या आठवड्यात एक ओळ वाचायला एवढा वेळ लागायचा की मला रडू यायचं. शब्द दिसायचे, पण आत उतरायचे नाहीत, दारात उभे राहायचे. बटण सारखं पडायचं. नर्सताई म्हणाली, "अगं, गिळलंस तर मला सांग हां, कुठल्या वॉर्डात न्यायचं ते मला माहीत आहे." मग हळूहळू कमी पडायला लागलं. आता सबंध पान होतं, कधी कधी दोन. परवा नर्सताई समोर बसून बघत होती. म्हणाली, "आता तू वाचतेयस की झोपलीयस, कळत नाही." मला फार बरं वाटलं.

गंमत म्हणजे बोलतानाही तोंड जरा आवरलंय. दुकानदार म्हणतो, काय मॅडम, मोठ्यानं बोला.

केंद्रावर जागा मिळालीय. मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, आता यापुढे थांबवता येणार नाही.

वर्षअखेरची गोष्ट बाबांनी अजून मला स्वतः सांगितली नाहीये. मीही विचारत नाही.

तुझी टकळी

---

१९ मे

आजी,

नापास झाले.

केंद्रावर आत जाताना खिसे रिकामे करायला लावले. बटणही काढून ठेवलं. बाई म्हणाल्या, हे काय? मी म्हटलं, शर्टाचं तुटलंय. त्याची गरजच पडली नाही. सगळ्या वेळात ओठ एकदाही हलले नाहीत. कुणी काही बोललं नाही, कुठला निरोप आला नाही. अगदी शहाण्या मुलीसारखी बसले होते.

ओठ मिटल्यामुळे कळलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण आजी, कळत होतं. सगळा प्रश्न कळत होता. उत्तर येत नव्हतं. त्या प्रत्येक गोष्टीत कुणाचं तरी खरं काहीतरी बंद पडलं होतं, त्यानं जागून, घाबरून, शिव्या खाऊन ते चालू केलं होतं, आणि मी ते नुसतं वाचलेलं होतं. सराव परीक्षेचे मार्क का पडायचे तेही तिथे बसल्यावर कळलं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवून मला उत्तरांचे चेहरे ओळखीचे झाले होते. इथले चेहरे नवीन होते.

मॅडमची जागा भरली. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, तेवढं केलं त्यांनी. म्हणाल्या, "अनुभव घे आणि पुढच्या वर्षी बघू." मी बरं म्हटलं.

नर्सताईनं तिच्या हॉस्पिटलात विचारलंय. सुट्टी मिळालेल्या पेशंटचे कागद टाइप करायला कुणीतरी तात्पुरतं हवंय. पुढच्या महिन्यापासून जाईन. हा अनुभव कुठेही धरत नाहीत.

मधले दिवस मी काय करू? घरी येऊ का थोडी? बाबा काही म्हणतील का?

टकळी

---

२४ मे

ये.

टॉवेल आणू नकोस, न्यायला कुणी न आलेले दुकानभर पडलेत. बाप काही म्हणणार नाही, त्याला येतं कुठे म्हणायला?

आजी

---

२० जून

टकळे,

पोचल्याचं लिहायला विसरलीस. नेहमीचंच. पण या वेळी केकची आठवण करून देत नाही, दुसरं सांगायचंय, आणि ते तू इथे असताना सांगायला मला जमलं नाही.

तू होतीस तेव्हाच मशिनं गेली, वर्षअखेरची वाट कुणी पाहिली नाही. टेम्पोत चढवताना तुझ्या बापानं ड्रायरवर हात ठेवला आणि लगेच काढला, तापलेला असल्यासारखा. थंड होता तो. दुकान रिकामं झालं आणि मला वाटलं, चला, आता घरघर थांबली, आता कदाचित थोडं ऐकू येईल. इतकी वर्षं मी आपली मशिनांच्या नावानं बोटं मोडत होते. मशिनं गेली, आणि जे होतं तेच. काही नाही. एवढं मोठं 'काही नाही' मी कधी ऐकलं नव्हतं.

मग तू पेपर घेऊन बसलीस. लहानपणी बसायचीस तशीच, समोर. मी चष्मा पुसून बसले. तू वाचायला लागलीस, आणि बाई गं, तुझ्या तोंडावर काही नव्हतं. ओठांत नुसती एक फट हलत होती, दाराखालून वारा यावा तशी. शब्द बाहेर पडत असतील, पण माझ्याकडे एकही आला नाही. मला आधी वाटलं की डोळे गेले. मग आईकडे पाहिलं तर तिचं बोलणं स्वच्छ दिसत होतं. मग कळलं.

मी मान हलवत राहिले. तू इतकी वाळली होतीस, इतक्या जिवानं वाचत होतीस, म्हटलं आता हिला आणखी एक नापास नको सांगायला. अंदाजानं मान हलवायची, अंदाजानं हसायचं. तेच चुकलं. तू मध्येच थांबलीस, माझ्याकडे कसंसंच पाहिलंस, उठून आत गेलीस आणि दारात उभी राहून आईला काहीतरी म्हणालीस. तुझं कळलं नाही. आईचं कळलं. आई म्हणाली, "वय झालं गं त्यांचं, होतं असं." दुसऱ्या दिवशी तिला खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, तू आगीत माणसं गेल्याची बातमी वाचत होतीस आणि मी हसले.

माझं डोकं शाबूत आहे, टकळे. एवढं तुला कळवायचं होतं. तुझ्या आईला वाटतंय मी भ्रमले, म्हणून ती हल्ली मला औषधाच्या गोळ्या मोजून देते.

(मला हे आत्ता, लिहिताना कळलं. मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, लिही पुढचं. – आई)

परीक्षेचं मला काही वाटत नाही, असं मी म्हणणार नाही. वाटतं. तू इतकी घासलीस आणि हाती काही लागलं नाही, आणि पुढेही काही दिसत नाही. दुकान नाही, मॅडम नाही, आणि ते हॉस्पिटलचे कागद टाइप करणं म्हणजे दुसरे बरे होऊन घरी गेल्याच्या बातम्या लिहिणं. मी आजी आहे म्हणून मी काही गोड बोलून तुला फसवणार नाही. मला त्यातलं कळत नाही, आणि ज्यांना कळतं तेही तुला उभं करत नाहीत. तू पुन्हा बसशील म्हणालीस असं आई सांगते. बस. पण बसायच्या आधी काम शोध, मग ते कुठलंही असो, ज्यात काहीतरी बंद पडतं आणि तू ते चालू करतेस. नाही मिळालं तर नाही मिळालं.

माझं म्हणणं वेगळंच आहे. बटण मीच पाठवलं. हुशारी माझीच. त्यानं तुझं तोंड गप्प बसायला शिकलं, आणि त्या बदल्यात तुला काही मिळालं नाही. मग आता ते गप्प कशाला ठेवायचं? कागद टाइप करायला ओठ मिटलेले लागत नाहीत. तिथे कुणी पहारेकरी बसलेला नाही. भाजीच्या पिशवीवरचं वाच पुन्हा तोंडानं. रस्त्यावरच्या पाट्या वाच. लोक बघतील, बघू देत. पुढच्या वेळी येशील तेव्हा मी समोर चष्मा पुसून बसणार आहे, आणि या खेपेला मान हलवणार नाही. कळलं नाही तर कळलं नाही असं सांगीन, मग रडू नकोस.

सवय लागायला वेळ लागेल. बटणालाही लागला होता. तेव्हा आता नीट ऐक, आणि विसरू नकोस. मऊ केक नको. त्या बेकरीत चिवट टॉफी मिळत असेल, दाढेला चिकटते ती, तोंड फिरवून फिरवून जिवाला कंटाळा आणते ती. तिचे दोन पुडे घे. एक तू फोड आणि रोज चघळ, सगळं तोंड हलवून, अजिबात लाज न धरता. दुसरा मला पाठव. मला दात नाहीत हे मला ठाऊक आहे, मी चोखीन. आणि पुड्यात ते बटण टाक, तुझा बाप अजून उघड्या कॉलरनं हिंडतोय.

तुझी आजी